'येणार'चं बटण

जिरान बोलत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या भात-भाजीच्या दुकानात तो कित्येक वर्षं येतोय. येतो, बाकावर टेकतो, बोटाने तळलेल्या तेंपेकडे, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांकडे, दाखवतो, बोटाने कॉफीच्या किटलीकडे दाखवतो आणि खाऊन झालं की मान हलवून निघून जातो. एकदा मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. म्हटलं, बघू या, आता तरी तोंड उघडतो का. पठ्ठ्या उठला, दुकानाला वळसा घालून माझ्या पुढ्यात आला आणि तिथून बोट दाखवलं.

पूर्ण नाव मुजिरान. जावा बेटावरच्या जोग्जा शहराच्या दक्षिणेला, नदीच्या उतारावर आमची गायामन वस्ती. तिथे माझ्या दुकानाच्या अगदी समोर त्याचं घर. पंखे, इस्त्र्या, भाताचे कुकर दुरुस्त करतो. वस्तू खिडकीतून आत घ्यायची, खिडकीतूनच बाहेर द्यायची, आणि काय बिघडलं होतं ते चिठ्ठीवर लिहून वर चिकटवायचं. म्हणजे बोलायचं काम नाही. घमेंडखोर म्हणाल तर अजिबात नाही. नुसता भिडस्त. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण याच्या घरी ती सख्ख्या बहिणीसारखी नांदायला आली होती. कुणाला नाही म्हणता येत नाही, कुणाकडे काही मागता येत नाही, आणि परक्याचं दारच काय, शेजारचं दारही ठोठावायचं म्हटलं की याच्या हाताला घाम फुटतो.

त्याला बायको मिळाली ती वार्सिती. जोडी जुळवताना वरच्याने सगळी जीभ एकाच पारड्यात टाकली होती. वार्सिती बोलायला लागली की माझ्या दुकानातली गिऱ्हाईकं ताटं गार होऊ द्यायची. आणि वस्तीत कुणाचंही लग्न असो, सुंता असो, नाहीतर कुणाचं दिवसकार्य, जेवणावळीची सूत्रं तिच्याच हातात. आमच्याकडे आचारी आणायची पद्धत नाही. शेजारणी जमतात, आपापली सुरी घरून घेऊन येतात आणि सगळा स्वयंपाक त्याच उरकतात. पण त्यांना दारात जाऊन बोलवावं लागतं. घरच्या कुणीतरी, चांगला बाटिकचा सदरा घालून, बसून, चहा घेऊन, "आमच्याकडे असं असं आहे, हात लावायला या" म्हणावं लागतं. न बोलावता जो येतो तो वासावर आला, असंच समजतात. जिरानच्या घरची अशी सगळी बोलावणी वार्सिती करायची. तो मागे छत्री धरून उभा.

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली. मी अजूनही कधी कधी दुकान उघडताना समोरून तिची हाक येईल म्हणून थांबते. येत नाही.

आता वेबसाइटचं सांगते. ती जायच्या आधी कधीतरी गावच्या कचेरीतून फर्मान निघालं की प्रत्येक वस्तीची आपली वेबसाइट पाहिजे. करणार कोण? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि शेवटी जिरानकडे बघितलं, कारण त्याच्याकडे संगणक होता आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. वार्सिती तेव्हा होती. हा रात्रंदिवस बसून शिकला आणि त्याने पानं बनवली. सगळी स्थिर पानं.

स्थिर हा शब्द त्याचाच. मी चार दिवस पिच्छा पुरवला तेव्हा कधी नव्हे ते त्याने समजावून सांगितलं. मला तो यू कातिनाह म्हणतो, यू म्हणजे ताई. स्थिर पान म्हणजे गल्लीच्या तोंडावरची रंगवलेली पाटी. एकदा लिहिली की कुणीही बघो, कधीही बघो, सगळ्यांना तेच दिसणार. बदलायची तर ब्रश घेऊन हातानेच बदलायची. आणि हलतं पान म्हणजे तुमचं दुकान, यू कातिनाह. गिऱ्हाईक येतं, मागतं, तुम्ही आत कोठीत जाता, हवं ते काढून त्याचं ताट मांडता. ज्याचं ताट त्याच्यापुरतं, आणि दर वेळी ताजं. पण मग कोठी सांभाळावी लागते, कुलूप लावावं लागतं, उंदीर बघावे लागतात. उंदीर सोडले तर मला ही तुलना आवडली.

तर त्याची पानं पाटीसारखी. दाखला कुठे मिळतो, बाळांची वजनं कधी करतात, कचऱ्याची पाळी कुणाची. कचऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, तर हा दर आठवड्याला बसून ती हाताने बदलायचा. कुणाच्याही मोडक्या फोनवर ही पानं चुटकीसरशी उघडायची, कारण मागे काही नव्हतंच. सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते पान होतं 'जेवणावळ कशी करावी'. हाँगकाँगला कामाला गेलेल्या आमच्या पोरी लग्नाला घरी यायच्या आधी तिथे बसून ते वाचायच्या. ते वार्सितीने सांगितलं होतं आणि याने टिपलं होतं, माझ्याच बाकावर बसून. ती शेंगा सोलत बोलत होती, हा टाइप करत होता, आणि मी मधे मधे तिच्या चुका काढत होते, त्या तिने एकही मानल्या नाहीत. पहिली ओळ होती, 'आधी दार, मग चूल.' म्हणजे आधी घरोघर जाऊन बोलवा, मगच चूल पेटवा. आणि अगदी खाली, 'काही अडलं तर भेटा: वार्सिती, पंखेवाल्याचं घर.'

ती गेली तरी ती ओळ राहिली. आम्ही सगळे बघायचो. ती पुसून टाक म्हणून सांगायला कुणी गेलं नाही.

मग आमचे वस्तीप्रमुख आले, पाक प्रासोजो. आमच्याकडे बाप्याला मानाने पाक म्हणतात, बाईला बू. माणूस सोन्यासारखा, पण नव्या वस्तूचा भारी सोस. पलीकडच्या वस्तीची वेबसाइट हलती आहे, तिथे लोक आपलं नाव घालतात, मत लिहितात, सभेला येणार का ते बटण दाबून कळवतात, हे त्यांनी कुठेतरी बघितलं आणि त्यांची झोप उडाली. सभा बोलावली. चहा आला, शेंगदाण्याच्या कुरकुरीत पापड्या आल्या, आणि पाक प्रासोजोंनी हलत्या पानांचे गुण गायला सुरुवात केली. नमनालाच घडाभर तेल. शेवटी म्हणाले की आपली पानं म्हणजे मेलेली पानं आहेत, काळ पुढे जातो आणि ती तिथेच उभी राहतात. आता हेच बघा, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला भेटा म्हणून अजून लिहिलंय.

बोलून गेले आणि मग त्यांनाच कळलं काय बोलून गेलो ते. सगळ्यांनी आपापल्या पेल्यात बघायला सुरुवात केली. मला तर असा राग आला की हातातली किटली त्यांच्या मांडीवर उपडी करावीशी वाटली. जिरान वरच्या पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, "स्थिरच राहू द्या."

त्याने सभेत शब्द काढला याचंच सगळ्यांना इतकं नवल वाटलं की विषय तिथेच संपला.

ही गोष्ट रोज्यांच्या आधीची. ईद झाली आणि सेमारांगहून त्याची मुलगी रात्री आली. नाव रात्री, पण पोरगी दिवसासारखी लख्ख. लहान मुलांच्या शाळेत शिकवते. एकटी नाही आली, हांदारू नावाचा एक उंच, लाजाळू मुलगा बरोबर घेऊन आली. बघितल्या बघितल्या मी ओळखलं, हिने बापासारखाच शोधून काढलाय. बोलणी झाली, आमच्या जावानी पंचांगातल्या बेसार महिन्यातला रविवार ठरला, आणि रात्री कामावर परत गेली.

आणि पुढच्याच आठवड्यात जिरान आपल्या पायांनी पाक प्रासोजोंकडे गेला आणि म्हणाला, हलतं पान करतो.

पाक प्रासोजो हवेत. गल्लीभर सांगत सुटले की बघा, धरणीकंपाने नाही हलला तो माझ्या भाषणाने हलला. मी दुकानात भाजी ढवळत ऐकत होते. भाषणाने कसला हलतोय. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. लग्न म्हणजे दारोदार जाणं आलं, प्रत्येक घरात बसणं आलं, मोठ्या अदबीच्या भाषेत बोलणं आलं. वार्सिती नाही. भाऊ नाही. एक बहीण आहे ती सुमात्रात. नवरी मुलीने स्वतः जाऊन बोलवायचं नसतं. म्हणजे उरला हाच. आणि दार ठोठावायला नको म्हणून या बाबाने अख्खी वेबसाइट पाडून नवी बांधायला घेतली. दोन पावलांवर शेजार, पण हा चंद्राला वळसा घालून जाणार.

त्या दिवसांत त्याच्या खिडकीत पंख्यांचा ढीग साचला. माझाही पंखा त्यात होता. उन्हाने जीव जात होता आणि मी पुठ्ठ्याने वारा घेत होते. मधेच एकदा नव्या पानावर मत लिहायची जागा त्याने उघडी ठेवली, तर कुठूनतरी परदेशातून कुणीतरी तिथे टक्कल घालवायचं औषध विकायला बसलं. ते आले त्याने सांगितलेले उंदीर. पाक प्रासोजोंनी मात्र भाव विचारल्याचं ऐकलं.

शेवटी एके दिवशी सगळ्यांच्या फोनवर नवं पान आलं. वर फुलांची वेलबुट्टी, मधे रात्री आणि हांदारूची नावं. त्याखाली लिहिलेलं, आदल्या दिवशी सकाळपासून स्वयंपाक, सगळ्यांनी हात लावायला यावं. आणि दोन बटणं. 'येणार' आणि 'नाही येणार'. 'येणार' दाबलं की तुमचं नाव आपोआप खाली उमटायचं. जुनं 'जेवणावळ कशी करावी' हे पान कुठे दिसेना. मी विचारलं तर म्हणाला, जागा एकच होती. खोटं. खालची ती ओळ नव्या पानावर घेता येईना आणि पुसताही येईना, म्हणून त्याने पानच उतरवून ठेवलं होतं. हे मला न सांगता कळतं.

पण नावं मात्र भराभर उमटायला लागली. बू सुलामी येणार. पाक प्रासोजो सहकुटुंब येणार. म्बाह गिनाह येणार, आणि त्या आजीला तर अंगणापर्यंतही धरून न्यावं लागतं. लांपुंगला बोटीवर असलेला कुणीसा पण येणार. वस्तीतलं एक घर राहिलं नाही. 'नाही येणार' हे बटण कुणी चुकूनसुद्धा दाबलं नाही. ते बटण आमच्या वस्तीत कशाला ठेवलं होतं हेच मला समजेना.

कारण आमच्याकडे नाही म्हणतच नाहीत. आम्ही 'हो' म्हणतो. एक 'हो' म्हणजे ऐकलं. एक 'हो' म्हणजे बघू. एक 'हो' म्हणजे तुमचं मन मोडवत नाही. आणि एक 'हो' म्हणजे सुरी धार लावून ठेवते. आवाजावरून कळतं, मान किती झुकली त्यावरून कळतं, चहा पुढे कसा सरकवला त्यावरूनही कळतं. बटणाला यातलं काय कळणार? त्याच्याकडे एकच 'हो', आणि ते त्याने सगळ्यांच्या नावापुढे लावून टाकलं.

मी गेले सांगायला. खिडकीशी उभी राहिले आणि विचारलं, जिरान, हे सगळं ठीक, पण दारात कोण जाणार? त्याने फोन माझ्याकडे फिरवला आणि नावांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. चेहऱ्यावर असं समाधान की मला पुढे बोलवेना. रात्रीलाही त्याने असंच गुंडाळलं असणार. "बाबा, सगळ्यांकडे जाऊन आलात ना?" असं तिने फोनवर विचारल्याचं मी ऐकलं होतं, आणि हा नुसता "हं" म्हणाला होता. मी तणतणत परत आले. तसं बघितलं तर मलाही त्याने बोलावलं नव्हतं. समोर राहते म्हणून काय झालं? मला काय दार नाही?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हातगाडीवरून कोवळे फणस आले. अंगणात मांडव घातलेला होता, तो भाड्याच्या माणसांनी घातला होता. वस्तीच्या कोठीतले मोठे टोप मांडले होते. नारळांची रास, ताडगुळाच्या ढेपा, कांद्यांची पोती, चटया अंथरलेल्या. गुदेग म्हणजे काय गंमत नाही. फणस चिरायचे, मग नारळाच्या दुधात आणि गुळात दिवसभर मंद आचेवर शिजवायचे. सकाळी चिरले गेले नाहीत तर उद्या पाहुण्यांपुढे काय ठेवणार, कपाळ?

जिरान अंगणाच्या मधोमध उभा. एकटा.

मी दुकानातून बघत होते. ऊन मांडवावर चढलं. गल्लीत चिटपाखरू नाही. दारं लोटलेली. जिरान फोन बघायचा, मग गल्ली बघायचा, मग परत फोन बघायचा. पानावर सगळी वस्ती येणार होती आणि अंगणात एक मांजर आली होती. माझ्या हातात भांडं घासायचा काथ्या होता आणि मी एकच टोप घासत बसले होते, तो आणखी घासला असता तर भोक पडलं असतं. मी मनाशी म्हटलं, मी नाही जाणार. बोलावल्याशिवाय माझा पाय उचलणार नाही. कायदा म्हणजे कायदा.

तेवढ्यात घरातून रात्री बाहेर आली. हातापायांना हळद, केसांना तेल. आदल्या दिवशी नवरीने उंबरा ओलांडू नये. ती चटईवर बसली, कुठलीतरी बोथट सुरी घेतली आणि एक फणस पुढे ओढला. चिकाने हात बरबटले. बापाने तिच्या हातातून सुरी घेतली. तिने परत घेतली. बोललं कुणीच नाही. दोघंही तसलीच. पोरगी मान खाली घालून चिरत राहिली आणि तिचे खांदे हलत होते.

माझा कायदा गेला खड्ड्यात. मी काथ्या फेकला आणि रस्ता ओलांडला.

"जिरान," मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुठे आहेत तुझी माणसं?"

त्याने फोन पुढे केला.

"ही नावं आहेत. माणसं आपापल्या घरी बसलीत. तू गेलास का कुणाच्या दारात?"

"सगळ्यांनी 'येणार' म्हटलंय, यू."

"मग काय 'नाही' म्हणतील तुझ्या तोंडावर? आणि तोंड तरी दाखवलंस कुठे? न बोलावता येऊन बसायला त्या काय वासावर आलेल्या मांजरी आहेत?"

मांजर उठून गेली. जिरान खाली बसला, फणसांच्या शेजारी. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब. मग अगदी हळू म्हणाला, "तुम्ही जाता का माझ्याबरोबर? तुम्ही बोला. मला नाही जमत."

"मी बोलले तर ते बोलावणं माझं होईल. लग्न तुझ्या पोरीचं आहे."

"वार्सिती जायची," तो म्हणाला.

"वार्सिती नाही, जिरान," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. ती नाही. तू आहेस. तिनेच तुला टिपून दिलं होतं ना, आधी दार, मग चूल? आणि तू तेच पान काढून ठेवलंस."

तो बराच वेळ फणसाच्या काट्यांवर अंगठा फिरवत बसला. रात्रीने सुरी खाली ठेवली. मग तो उठला, आत गेला आणि बाटिकचा सदरा घालून बाहेर आला. गुंड्या वरखाली लागल्या होत्या. रात्रीने त्या चिकट हातांनी नीट लावल्या, सदऱ्यावर दोन डाग पडले ते पडलेच.

पहिलं घर बू सुलामीचं, भिंतीला भिंत. हिच्याशी वार्सितीचं रोज भांडण आणि रोज देवाणघेवाण. मी फाटकापाशी थांबले, म्हटलं आत जाणार नाही. जिरान दारापर्यंत गेला. हात वर केला. खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं, नाहीतर मीच ठोठावलं असतं. शेवटी त्याने बारीक आवाजात हाक दिली, "कुलो नुवून," जसं आम्ही दारात उभं राहून म्हणतो तसं. दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की ती दाराला पाठ लावूनच बसली असणार.

आता यापुढे केवढं तरी बोलायचं असतं. आपली क्षमा मागायची, घरच्यांची खुशाली विचारायची, मग फिरत फिरत मुद्द्यावर यायचं. जिरानने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याच्या कानापर्यंत लाली चढली. आणि मग त्याच्या तोंडून कसेबसे दोन शब्द निघाले.

"फणस आलेत."

बू सुलामीने त्याच्याकडे बघितलं, त्या चिकाचे डाग पडलेल्या सदऱ्याकडे बघितलं. मग दारामागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. केस बांधलेले होते, कमरेला जुनं लुगडं खोचलेलं होतं.

"पहाटेपासून बसलेय तयार," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावता, पाक."

जिरान तिथेच उभा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. बू सुलामीने तिकडे बघितलंच नाही, सुरी काखेत मारून तरातरा निघाली. माझ्याजवळून जाताना मात्र हळूच म्हणाली, बाई गं, मला वाटलं हा येतच नाही आता.

दुसऱ्या दारातही फणसच आले होते. तिथेही सुरी फडक्यात बांधून तयार. तिसऱ्या घरात बटाटे सोलायची दोन सोलणी पिशवीत भरून ठेवली होती. चौथ्या घरापासून जिरानला आणखी एक वाक्य फुटलं, "उद्या रात्रीचं लग्न आहे." जसं काही कुणाला माहीत नव्हतं. पाचव्या-सहाव्या घरी त्याने खुशाली विचारली. पाक प्रासोजो तर सदरा घालून ओट्यावरच उभे होते, फोन हातात, घामाघूम. म्हणाले की मी निघणारच होतो, पण हिने अडवलं, म्हणाली बोलावलंय कुठे. आणि खाली बघून पुढे म्हणाले की त्या दिवशी सभेत माझ्या जिभेला हाड नव्हतं. जिरानने त्यांचा हात धरला आणि त्यांनाही फणसांचं सांगितलं.

शेवटचं घर म्बाह गिनाहचं, वस्तीतली सगळ्यात म्हातारी. चालता येत नसली तरी कांदे निवडायला तीच लागते, तिच्याशिवाय चूल पेटत नाही. तिने जिरानला सोडलं नाही. बस म्हणाली. वार्सिती आली की बसायची, तूही बस. चहा मागवला. तो त्याला पुरा संपवायला लावला, आणि मग म्हणाली, "नातीने माझ्या बोटाने दाबलं होतं ते. पण पोरा, त्याने माझं दार काही वाजलं नाही. आता वाजलं." मग हात पुढे केला, आणि जिरानने आजीला उचलून पाठीवर घेतलं आणि तसंच मांडवापर्यंत आणलं.

अंगणात तोवर पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रीला सगळ्यांनी मिळून ओरडून आत पाठवली होती. सुऱ्या चालत होत्या, खोबरं किसलं जात होतं, आणि दहा जणी दहा गोष्टी एकदम सांगत होत्या. जिरान चुलीपाशी लुडबुडायला आला तर त्यालाही हाकलला. लग्न झोकात झालं. गुदेग जरा जास्त गोड झालं होतं, कारण गूळ बू सुलामीने घातला आणि माझं ऐकलं नाही. ते असो.

पुढच्या सभेत पाक प्रासोजोंनी भीत भीत विचारलं की आता पानांचं काय करायचं. जिरान उठून उभा राहिला. कचऱ्याची पाळी हलती ठेवू, तो म्हणाला, ती दर आठवड्याला बदलते आणि कुणाला तिचं वाईट वाटत नाही. बाकी सगळी पानं स्थिर. पानाने सांगावं. विचारायचं माणसाने. एवढं बोलून तो बसला, आणि सभेत कुणी टाळी वाजवली नाही, कारण आमच्याकडे तसं करत नाहीत. पण त्याच्या पेल्यात तीन बाजूंनी चहा ओतला गेला.

दुसऱ्या दिवशी तो संगणक घेऊन माझ्या दुकानात आला आणि त्याच बाकावर बसला. जुनं पान परत लावत होता. 'आधी दार, मग चूल' जसंच्या तसं. मग खालच्या ओळीशी थांबला. थांबला तो थांबलाच. मी भाजी फोडणीला टाकली, उतरवली, दोन गिऱ्हाईकं जेवून गेली, हा त्या एका ओळीकडे बघत बसलेला. शेवटी त्याची बोटं हलली. मग त्याने संगणक माझ्याकडे फिरवला.

'सांगणारी: वार्सिती. काही अडलं तर भेटा: मुजिरान, पंखेवाल्याचं घर.'

मी दोनदा वाचलं. डोळ्यांत धूर गेला होता, म्हणून दोनदा. त्याला म्हटलं, बरोबर आहे. आता लोक खरंच येतील हं दारात, तेव्हा खिडकीतून चिठ्ठी देऊ नकोस.

तो हसला. सवयीने बोट किटलीकडे वळलं, तिथेच थांबलं आणि परत खाली आलं.

"यू कातिनाह," तो म्हणाला, "एक कॉफी द्या."